सहा जोड, सहा वार

ती आमच्या मजल्यावर राहायला आली तेव्हा मी आधी तिला पाहिलं नाही, तिच्या घरच्या चपला पाहिल्या. जिन्यापासून थेट माझ्या उंबऱ्यापर्यंत सहा जोड, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. मी हाटकेशच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका गाळ्यात पॅकिंगची सुपरवायझर होते. दिवसभर उभी राहून आलेली. ओळीतला शेवटचा, इवलासा जोड मी पायाने बाजूला सरकवला आणि कुलूप काढायला लागले, तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"ताई, सरकवू नका. मोजायच्या आहेत अजून."

हातात झारा, कपाळाला पीठ, वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तिने वाकून तो जोड जागेवर ठेवला. मग मी नुकत्याच काढलेल्या माझ्या चपलाही उचलल्या आणि भिंतीकडे तोंड करून ठेवल्या.

"तोंड भिंतीकडे म्हणजे माणूस घरात. जिन्याकडे ठेवलंत तर मला वाटणार, तुम्ही निघालात."

"तुम्हाला कशाला काही वाटायला पाहिजे?"

"तेही खरंच," असं म्हणून तिने बोटाने सहा जोड मोजले आणि दार लावून घेतलं.

पुढे कळलं की ही मोजणी रोज संध्याकाळी सातला व्हायची. सात म्हणजे सात. एवढी पोरं एका जागी कधी उभी राहतात? एक मोरीत, एक पोटमाळ्यावर, एक पलंगाखाली. डोकी मोजायला गेलं की हलतात, चपला हलत नाहीत, असा तिचा हिशोब. मोठ्यांच्या चपला आत, दारामागे. मुलांचे सहा जोड भिंतीकडे तोंड करून असले की दिवस संपला.

घरात माणसं नऊ: ती, नवरा, सासू आणि सहा मुलं. जागा वन रूम किचन. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होता. आमच्या चार मजली इमारतीला लिफ्ट नव्हती. तो शिफ्टवरून यायचा, जेवायचा आणि भिंतीला टेकल्या टेकल्या झोपायचा. त्याच्याबद्दल मला वाईट काही सांगता येणार नाही, चांगलंही फारसं नाही. मुलांपैकी चार तिची होती आणि दोन तिच्या जावेची. जाऊ रत्नागिरीला गावी वारली, दिराने वर्षभरात दुसरं लग्न केलं आणि ती दोन मुलं इकडे आली. कुठली चार आणि कुठली दोन, हे मला एवढ्या वर्षांत कळलं नाही. तिने कळू दिलं नाही. मजल्यावरच्या बायका खोदून खोदून विचारायच्या. तिचं उत्तर ठरलेलं असे, "ज्याला ताप येईल ते माझं."

तिच्याबद्दल लिहायला बसलं की मला आधी दमल्यासारखंच होतं. सकाळी पाचला पाणी यायचं, पाऊण तासात जायचं. तेवढ्यात मोरीपासून पिंपापर्यंत सहा मुलांची रांग, आणि कळश्या हातोहात पुढे सरकायच्या. धाकटीच्या हातात तांब्या. मग चाळीस पोळ्या. मग आंघोळी. प्रत्येकाला एक बादली पाणी आणि सासूच्या जपमाळेच्या एका फेऱ्याएवढा वेळ. माळ संपली की म्हातारी ओरडायची, "झाली गो झाली, भायेर ये!" लाडक्यांसाठी ती माळ सावकाश ओढते अशी मुलांची तक्रार होती, आणि ती खरी होती. मी एकदा दारातून पाहिलं आहे. पाचव्या नंबरचा आत होता आणि म्हातारी एकाच मण्यावर बोट ठेवून गप्प बसली होती.

"दमत नाही का हो तुम्ही?" असं मी एकदा विचारलं होतं.

"दमले म्हणायलापण दम लागतो, ताई. तो पोळ्यांना लागतो."

माझी परिस्थिती उलटी. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा नाशिकला शिकायला, हॉस्टेलवर. माझ्या दाराबाहेर चपलांचा एकच जोड. शांतता भरपूर, आणि ती मला आवडते असं मी सगळ्यांना सांगायची.

तिचे घोटाळेही तिच्यासारखेच असत. एकदा शाळेत पालकसभेला गेली. तीन मुलं त्याच शाळेत, तीन वर्ग, तीन खोल्या. ती घाईघाईने पाचवी ब मध्ये जाऊन बसली. बाईंनी अर्धा तास एका मुलाच्या खोड्या वाचून दाखवल्या: डबा पळवतो, वहीत गाढवं काढतो, प्रार्थनेला डोळे उघडे ठेवतो. हिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, माफी मागितली, सही केली. घरी येऊन मुलाला समोर उभं केलं तेव्हा तो म्हणाला, "आई, मी सहावीत गेलो ना जूनमध्ये." मी हसून हसून दाराला टेकले. ती शांतपणे भाकरी थापत म्हणाली, "असू दे. कोणाच्या तरी पोराची बोलणी मी खाल्ली. त्याच्या आईला तेवढाच आराम."

पण तिची खरी तऱ्हा म्हणजे वार.

सहा मुलं आणि सहा वार. सोमवार थोरलीचा, शनिवार धाकटीचा, मधले चार वयाच्या क्रमाने. मुलांची नावं मी इथे लिहीत नाही. आता मोठी झाली आहेत, कामधंद्याला लागली आहेत, त्यांना आवडणार नाही. मी मनात त्यांना तेव्हाही वारांनीच ओळखायची. ज्याचा वार असेल त्याने संध्याकाळी सहाला एकट्याने आईबरोबर मीरा रोडच्या भाजीबाजारात जायचं. पिशवी उचलायची नाही, ती आई उचलणार. त्याने फक्त बोलायचं. शाळेतलं, भांडणातलं, काहीही. बाजारात एक भाजी त्याच्या पसंतीची घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी घराने ती मुकाट्याने खायची. त्या तासात दुसऱ्या कुणी मध्ये यायचं नाही. एकदा मी जिन्यात तिला गाठून पाण्याच्या टाकीचं काही सांगायला लागले, तर बुधवार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काकू, आज माझा वार आहे. तुम्ही नंतर बोला." आणि तिने खरंच मला थांबवलं.

"जेवण सगळ्यांना सारखं वाढता येतं, ताई. कान एकेकालाच द्यावा लागतो."

रविवार कोणाचाच नव्हता. रविवारी दुपारी ती चटई घेऊन गच्चीवर जायची, गच्चीच्या दाराला बाहेरून कडी घालायला मला सांगायची आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत तासभर झोपायची. बरोबर तासाने कडी काढायचं काम माझं. एकदा मी दहा मिनिटं उशिरा गेले. म्हटलं, झोपू दे. तर ती दारामागे उभी. "ताई, खाली कुणीतरी पडलंय. रडणं ओळखते मी." पडलेलं पोर तळमजल्यावरच्या गुजराती कुटुंबातलं होतं. तरी जाऊन तिने त्याच्या गुडघ्याला हळद लावली.

आता गुरुवारबद्दल सांगायला हवं. गुरुवार म्हणजे चौथी, दहा वर्षांची मुलगी. ती बोलत नसे. मुकी नव्हती, पण सहा मुलांच्या घरात ज्याचा आवाज मोठा त्याचं आधी, आणि हिला आवाज लावायचा कंटाळा. आपल्या वारीसुद्धा ती आईच्या शेजारून नुसती चालायची. भाजी मात्र दर आठवड्याला एकच घ्यायची: कारली. शुक्रवारी त्या घरातून आरडाओरड ऐकू यायची, "परत कारली! हिचा वार बंद करा!" त्या नऊ जणांत कारलं आवडीने खाणारी एकटी आईच होती. मुलीच्या निवडीचं कारण यातच होतं, पण ते तेव्हा कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

त्या वर्षी म्हातारी आजारी पडली. मोठ्या डॉक्टरांची वेळ फक्त गुरुवारी संध्याकाळी. म्हातारीला नेण्यात मुलीचा एक गुरुवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्या गुरुवारी म्हातारी घरी होती, पण सून स्वतः पार उतरून गेली होती. डोळ्यांखाली काळं, चालताना एक हात भिंतीला.

त्या दिवशी मी पावणेसातला कामावरून आले. चपला काढल्या, सवयीने त्यांची तोंडं भिंतीकडे केली आणि आत जाऊन चहा टाकला. सातला तिचं दार उघडल्याचं ऐकलं. मोजणी झाली. दार लागलं.

साडेसातला मी दूध आणायला निघाले, तर माझ्या चपला नाहीत. मला राग आला. एवढ्या पोरांच्या शेजाराला ही शिक्षा असतेच, पण मर्यादा असते. मी बेल वाजवली.

"तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या चपला घालून गेलंय."

"नाही हो ताई. सगळी घरात आहेत. आत्ताच मोजल्या."

गाळ्यातल्या मुलींना मी दिवसभर हेच सांगायची, की झाकणं मोजलीत म्हणजे डबे मोजले असं समजू नका. तेच तोंडातून निघालं. "चपला मोजल्यात. डोकी मोजा."

ती हसली. हसत हसतच वळली आणि झाऱ्याने एकेका डोक्याकडे दाखवत मोजलं. पाच. परत मोजलं, आता हात लावून. पाच. मग मोरी, पोटमाळा, पलंगाखाली. मंगळवार गच्चीवर पळत जाऊन आला. "वर नाही." 

आम्ही दोघी दाराबाहेर त्या ओळीपाशी उभ्या राहिलो. चौथा जोड जागेवर होता, निळ्या पट्ट्यांचा. तोंड भिंतीकडे, अगदी नीट लावलेलं. घाईत सोडलेल्या चपला तशा नसतात. ओळ कोण मोजतं आणि कशी मोजतं, हे माहीत असलेल्या माणसाने त्या लावल्या होत्या.

तिच्या हातातून झारा पडला. तो उचलायला ती वाकली नाही. त्या बाईने पडलेली वस्तू तशीच सोडलेली मी तेव्हाच पाहिली.

नवरा शिफ्टवर होता. थोरलीला दारात बसवून आम्ही खाली उतरलो. तिने थोरलीच्याच चपला पायात घातल्या, मी मोरीतल्या रबरी सपाता. वॉचमनला विचारलं.

"कौनसी वाली?" तो म्हणाला.

"गुरुवारवाली," ती म्हणाली.

त्यालाही ते कळलं. "वो तो गयी ना, पौने सात के बाद. बड़ी चप्पल घसीटते हुए. हमने सोचा आज गुरुवार है, आप आगे निकल गयी होंगी."

ती जागच्या जागी उभी राहिली. मी तिच्या दंडाला धरलं. "काय झालं?"

"दुपारी मला विचारलं होतं तिने. आई, आज जायचं ना? मी म्हटलं," आणि ती थांबली. परत म्हणाली, "मी म्हटलं, आज राहू दे. तू तर काही बोलतच नाहीस, तुझा वार काय नि नाही काय."

"दमला होतात तुम्ही."

"पाच जणांना असं म्हणायची माझी हिंमत नाही, ताई. बोंब मारतील. ही मारणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून तिचा कापला."

मी शेअर रिक्षा थांबवली. दोन माणसं आधीच बसलेली होती, आम्ही कशाबशा आत शिरलो. वाटेभर ती रस्त्याच्या कडेला बघत होती आणि ओठांत काहीतरी पुटपुटत होती. आधी मला वाटलं, देवाचं नाव. मग ऐकू आलं. ती एक ते सहा मोजत होती. चारवर थांबायची आणि परत एकपासून सुरू करायची.

बाजारात गर्दी होती. तिची नेहमीची भाजीवाली जवळच्या चेणे गावाहून यायची, स्वतःच्या मळ्यातली भाजी घेऊन. आम्हाला लांबून बघताच तिने हात वर केला.

"हितंच हाय गो बाय, हितंच हाय! कवाची बसलीय. कुनासंगं आलीस इचारलं तर काय बोलत न्हाय."

गोणपाटामागे उलट्या क्रेटवर गुरुवार बसली होती. पायांत माझ्या चपला, दोन बोटं मागे उरलेल्या. मांडीवर अर्धा किलो कारली, एकेक निवडून ठेवलेली, कोवळी आणि सरळ.

"पैसं न्हाईत म्हनं," भाजीवाली म्हणाली. "आय येनार हाय, ती देईल म्हनं."

मला वाटलं, आता एक सणसणीत बसणार. माझ्या मुलाने असं केलं असतं तर मी ठेवून दिली असती. ती मात्र मुलीच्या पुढ्यात उकिडवी बसली. दम लागला होता. आधी मुलीच्या पायांकडे पाहिलं, मग विचारलं:

"चपला कोणाच्या घातल्यास?"

"काकूंच्या."

"तुझ्या का नाही?"

"माझ्या नसत्या तर तू घाबरली असतीस. सातला."

"आणि काकू नाही घाबरल्या?" मी विचारलं. जरा रागानेच.

तिने माझ्याकडे पाहिलं. लबाडी नव्हती, उद्धटपणा नव्हता. जे होतं ते तिने सांगितलं. "तुमच्या कोणी मोजत नाही ना."

भाजीवालीने मेथीवर पाणी शिंपडलं. मी पर्समध्ये उगाच रुमाल शोधला.

"ताई," ती उठत म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. त्या पाच जणांकडे बघाल? आमचा वार चालू आहे."

मी रबरी सपाता घालून एकटी परत आले आणि सव्वा तास पाच मुलं सांभाळली. त्या सव्वा तासाबद्दल मी थोडक्यात सांगते. मंगळवार आणि बुधवार यांच्यात एका चार्जरवरून हाणामारी झाली. शुक्रवारने पाण्याचा पेला सांडला, पुसला आणि पुसता पुसता दुसरा सांडला. थोरली मलाच पोळ्या कशा भाजायच्या ते सांगत होती. म्हातारी आतून विचारत होती, "गावली काय गो चेडू?" आणि मी सापडली मुलगी म्हटल्यावर पाच मिनिटांनी परत विचारत होती. गाळ्यात मी चाळीस मुलींकडून काम करून घ्यायची, पण त्या पाच जणांपुढे मी शेवटी जमिनीवर बसले. धाकटी न विचारता माझ्या मांडीवर येऊन झोपली. तिचं डोकं जड होतं आणि केसांना खोबरेल तेलाचा वास. मला उठून पाणी प्यायचं होतं. मी उठले नाही.

"काकू," शुक्रवार म्हणाला, "तुमचा कुठला वार?"

"मला नाही वार."

त्याने बोटांवर मोजून बघितलं. "सगळे भरलेत," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

साडेनऊला दोघी आल्या. हातात पिशवी, पिशवीत कारली. "काय म्हणाली?" मी हळूच विचारलं.

"काही नाही. अख्खा बाजार संपेपर्यंत काही नाही. मग म्हणाली, पाय दुखतायत, चपला मोठ्या आहेत." ती भिंतीला टेकून खाली बसली. "म्हटलं, उचलून घेऊ का? तर म्हणाली, नको, तू दमलीयस."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. त्या घरात कारल्याची भाजी झाली आणि कुणी आवाज काढला नाही.

मोजणीत मात्र फरक पडला. आता ती आधी चपला मोजायची, मग प्रत्येकाच्या डोक्याला हात लावायची. मोठी मुलं वैतागायची. आणि माझ्या चपला, ज्या माझ्या दारापुढे असायच्या, त्या मला तिच्या ओळीच्या शेवटी सापडायला लागल्या, धाकटीच्या जोडाशेजारी. मी त्या परत माझ्या दारासमोर आणून ठेवायची. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तिकडे. कोण ठेवतं हे मी विचारलं नाही. चौथी जिन्यात दिसली की माझी नजर चुकवायची, एवढं कळलं. तीन-चार दिवसांनी मी नाद सोडला.

एकदा माल चढवायला उशीर झाला. सात वाजून दहा मिनिटांनी गाळ्यात फोन वाजला.

"ताई, सहाच आहेत. कुठे आहात?"

"कामावर आहे हो. मी काय लहान आहे का? सत्तेचाळीस वर्षांची बाई मी."

"मग? मोठ्यांच्या चपला नसतात का?"

चाळीस मुलींसमोर मला तिला नीट झापताही आलं नाही.

आता ती इमारत नाही. पाडली, तिथे टॉवर उभा राहतोय. सगळे पांगलो. ती भाईंदरला गेली, मी स्टेशनच्या बाजूला नव्या सोसायटीत. म्हातारी गेली. थोरलीचं लग्न झालं, मंगळवार पुण्याला नोकरीला आहे. इथे नियम आहे, दाराबाहेर चपला ठेवायच्या नाहीत. कपाटात ठेवायच्या आणि कपाटाचं दार लावायचं. फार स्वच्छ मजला आहे. कोण घरात आहे नि कोण नाही, काही कळत नाही.

रोज सातला माझ्या फोनवर एक मिस्ड कॉल येतो. ती दोनदा वाजवते आणि ठेवते. मीही दोनदा वाजवते आणि ठेवते. बोलायला दोघींनाही वेळ नसतो, त्राणही नसतं. मोजणी होते.

गुरुवारी मात्र साडेआठ वाजतात. ती चौथी एका लॅबमध्ये कामाला आहे, गुरुवारी तिला सुट्टी असते, संध्याकाळी दोघी बाजारात असतात. मी सातला फोनकडे बघते, वार आठवते आणि दूध आणायला जाते.